खालच्या बांधीचं पाणी

खुशबू रामटेकेच्या सवयी मोनिकाला पाठ होत्या.

शेताजवळून जाताना ती लोंबीकडे पाहत नसे. वाकून धानाच्या बुडाशी पाहत असे.

जेवायला बसली की चमचा आधी गॅसच्या ज्योतीतून फिरवायची. प्रयोगशाळेत सुई तशी फिरवतात. ताटातला भात निवेपर्यंत चमचा निवण्याची वाट पाहायची.

माती चिमटीत धरून तिचा वास घ्यायची आणि हात ओढणीला पुसायची. तिच्या सगळ्या ओढण्यांचं एक टोक मळकं असे.

डब्यात शिळी पोळी निघाली तर फेकण्याआधी ती उजेडासमोर धरायची.

‘आहे’ हा शब्द तिच्या तोंडी क्वचित येई. ती ‘दिसते’ म्हणे. धो धो पाऊस पडत असताना मोनिकाच्या वडिलांनी, मधुकररावांनी, एकदा विचारलं, बाहेर पाऊस आहे काय? ती म्हणाली, “पडून राहिला असं दिसते, काका.”

आणि जीव थाऱ्यावर नसला की उजव्या पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरायची. त्या वर्षी भादव्यात तिनं मोनिकाच्या घरची ओसरी कोरून काढली.

घर पवनीतलं, विणकरांचं. खाली मधुकररावांचा हातमाग, वर एक खोली. ती खोली भाड्यानं मागायला खुशबू आली, तेव्हा आडनाव ऐकून मोनिकाची आई सुमित्राबाई क्षणभर थांबल्या होत्या. मग किल्ली आणायला आत गेल्या. पुढे ते थांबणं दोघींपैकी कुणीच कधी काढलं नाही. वर्षभरात खुशबू स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडू लागली आणि सुमित्राबाई शेजारणींना सांगू लागल्या, “लोकाच्या पोरी कुंड्या ठेवते. आमच्या घरची पोरगी बुरशी पाळते, बाई.”

ते खरंच होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीज टिकत नसे, म्हणून काही काचेच्या बश्या खुशबू खोलीवरच ठेवी. तिथेच असलेल्या मोनिकाच्या पुस्तकांच्या फळीवर. मोनिकानं मराठीत एम.ए. केलं होतं, नेटच्या परीक्षेची तयारी चालली होती. कादंबऱ्यांच्या रांगेपुढे बश्या आणि त्यांत कापसासारखं पांढरं काहीतरी, रोज थोडं पसरत जाणारं. सुरुवातीला मोनिकाला किळस आली. मग तीच सकाळी उठून पाहू लागली, आज कुठवर आलं.

खुशबूचं गाव लाखांदूरच्या पुढे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा ती पहिलीत होती. शाळेतल्या भिंतीवरचा नकाशा तसाच राहिला, फक्त गुरुजींनी त्यावर खडूनं एक रेघ ओढली, एवढं तिला आठवे. घरची शेती धानाची, तलावाच्या पाण्यावरची. ती वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि विषय तिनं घरच्या बांधीतूनच, धानाच्या खाचरातूनच, उचलला होता.

धानाला एक रोग येतो. पाण्याच्या पातळीशी, खोडाच्या आवरणावर, सापाच्या कातीसारखे डाग पडतात आणि हळूहळू वर चढतात. पुस्तकात त्याला पर्णकोष करपा म्हणतात. गावात सगळ्याच रोगांना करपा म्हणतात. ही बुरशी मोहरीएवढे तपकिरी गोळे करून मातीत पडून राहते. चिखलणी झाली की ते पाण्यावर तरंगतात, वाऱ्यानं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कोपऱ्यात फेसाबरोबर जमतात आणि तिथल्या धानाला धरतात. युरिया जास्त झाला की हिरव्यागार, दाट धानात त्यांचं फावतं. खुशबूला पाहायचं होतं की मातीच जिवंत असली, तलावाचा गाळ, शेणखत, हिरवळीचं खत म्हणून गाडलेला बोरू आणि मित्रबुरशी अशी तिची मशागत झाली, तर हा रोग मंदावतो का.

त्यासाठी रोग हवा होता. तो आपणहून येण्याची वाट पाहायची नसते, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. लावायचा असतो.

बाप तेजराम ऐकून घेत म्हणाला, “म्हंजे तू धानाले आधी बिमार पाडशीन, न मंग औषध देशीन?”

“तसंच काहीतरी.”

“डाक्टर लोकाचं असंच असते,” तेजराम म्हणाला, आणि तलावाखालची सगळ्यात वरची बांधी तिला दिली.

तिनं त्या बांधीत छोटे छोटे धुरे घालून वाफे पाडले. काही वाफ्यांत मशागतीची माती, काहींत साधी. अर्ध्यांना रोग लावायचा. पूर्वेकडच्या पट्टीतले वाफे कोरे, रोग न लावलेले, तुलनेसाठी. रोगाची बुरशी चंद्रपूरकडच्या एका शेतातून वेगळी केलेली होती, प्रयोगशाळेत धानाच्या तुसावर वाढवलेली. श्रावणात, धान फुटव्यावर असताना, तिनं ते तूस मूठमूठ बुडाशी टाकलं. मोनिका सोबत गेली होती. फोटो काढायचं काम तिच्याकडे असे.

त्यानंतर पावसानं पाठ फिरवली.

तलावाचा तुडुम, पाणी सोडायचं दार, उघडला. त्यातून पाटानं पाणी वरच्या बांधीत येतं, तिथून धुरा फोडून खालच्या, तिथून आणखी खालच्या. तेजरामच्या खाली तुळसाची बांधी. तुळसा ही तेजरामच्या चुलतभावाची बायको, नवरा वारल्यापासून शेती एकटीनं करणारी. तिच्या खाली बाबुलालची. गावाचा नियम जुना आणि सोपा होता. खालच्यानं पाणी मागितलं तर वरच्यानं नाही म्हणायचं नाही. पण धुरा फोडायचा तो वरच्यानंच, आपल्या हातानं. मागणाऱ्यानं फोडला तर ती चोरी.

त्या दिवशी तेजराम लाखांदूरच्या बाजाराला गेला होता. खुशबू वाफ्यांत वाकलेली, मोनिका धुऱ्यावर छत्री घेऊन. तुळसा फावडं घेऊन आली.

“खुशबू, माय, पाणी दे वं. माही बांधी तडकून राहिली.”

“हो काकू,” खुशबू म्हणाली. तिनं काकूच्या हातातलं फावडं घेतलं आणि धुरा फोडला.

मोनिकानं फोटो काढला. पाणी खळखळ करत खाली निघालं. तुळसा हसत होती. आणि खुशबू एकाएकी थबकली. पाण्यावरून तूस चाललं होतं. बारीक, करडं, रांगेनं. तिनं चटकन पाय त्या फटीत रोवला आणि फावड्यानं चिखल ओढला. पाणी थांबलं.

“झालं? एवढंच?” तुळसा म्हणाली. “चिमणी तरी भिजन का एवढ्यात?”

“पुरे ना आता, काकू.”

“पाहा वं माय! शिकून शिकून कंजूस झाली का पोरगी? तुह्या आजीनं कधी असा पाय नाही घातला पाण्यात.”

खुशबूचा अंगठा चिखलात रुतत गेला. मोनिकाला वाटलं, ती आता काहीतरी सांगणार. खुशबूनं पाय काढला. फावडं पुन्हा घातलं. या वेळी फट आधीपेक्षा रुंद पडली.

परतीच्या एसटीत ती तलावाच्या बाजूच्या खिडकीशी बसली, पण तलावाकडे पाहिलं नाही.

“मोना, तुवा पाहिलं ना ते तूस?”

“पाहिलं. काय झालं मग?”

“काही नाही. काकूच्या बांधीतही तूस असतेच. शेणखतासोबत टाकते ते.” थोड्या वेळानं पुन्हा, “असतेच ना?”

मोनिकाला धानातलं काय कळणार? ती हो म्हणाली.

भादवा लागला. एक दिवस तेजरामचा फोन आला. तुळसाच्या बांधीत करपा आला होता. वरच्या धुऱ्याच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन मधोमध पसरत चालला होता. खुशबू तशीच निघाली, मोनिका मागोमाग.

तुळसानं त्यांना आधी बांधीत नेलंच नाही. घरी नेलं, चहा टाकला. दोन-चार बायका ओसरीवर बसल्या होत्या. तुळसा त्यांच्याकडे वळून, मोठ्यानं, म्हणाली, “सांगा बाई आता माह्या कपाळाले. हे पोरगी सांगून सांगून थकली, काकू, युरिया दोनदा नको मारू. म्या आयकलं? कृषी केंद्रवाला म्हणे, मार. म्या मारला. हिरवंगार दिसे तर जीव खुश होये. माह्याच हातानं झालं, दुसऱ्या कोनाले बोलाव?”

“शिकलेल्या पोरीचं आयकाव लागते,” एक बाई म्हणाली.

“आता आयकतो ना,” तुळसा म्हणाली. “खुशबू, सांग माय. आता तू म्हनशीन तसं.”

खुशबूच्या हातात कप होता. तिनं चहा पिऊन टाकला. गरम होता, तरी. मग बांधीत जाऊन वाकली, डाग पाहिले, रोगट आवरणाचे तुकडे कागदी पाकिटात भरले. वरच्या कोपऱ्यात फेसाच्या कडेला तूस साचलं होतं. तिनं ते बोटानं चाळवलं. ते तिचं होतं की काकूच्या शेणखतातलं, तुसाला विचारून थोडंच कळणार?

“तुवा काहीच नाही सांगितलं तिले,” मोनिका रस्त्यात म्हणाली.

“काय सांगू? मले का ठाऊक?”

“मग कळन कसं?”

तेव्हा तिनं बशीची गोष्ट सांगितली. तुळसाच्या धानावरची बुरशी वेगळी काढायची. एकाच बशीत एका बाजूला ती ठेवायची, समोर आपली. दोन्ही वाढत वाढत मध्यभागी भेटतात. एकच वाण असेल तर धागे एकमेकांत मिसळून जातात, जसं काही झालंच नाही. वेगळे असतील तर मधे एक रेष पडते. कुणीच ती ओलांडत नाही.

“चंद्रपूरची बुरशी काकूच्या बांधीत आपल्या पायानं तर येणार नाही,” खुशबू म्हणाली. “मिसळली, तर माही. रेष पडली, तर गावचीच, जुनी.”

“मग लाव ना बशी.”

“लावतो.”

गावाकडच्या बायकांसारखी ती ‘लावतो’ म्हणे. कॉलेजात मात्र ‘लावते’.

बुरशी वेगळी काढण्यातच दिवस गेले. पहिल्या खेपेला भलतंच उगवलं, काळं. दुसऱ्या खेपेला वीज गेली. खुशबूचा चेहरा ओढला. सकाळी अंघोळीला गेली की बादली भरून वाहू लागायची आणि ती आत उभीच. सुमित्राबाई दार ठोठावायच्या. जेवताना चमचा ज्योतीत धरून विसरायची. एकदा बोट भाजलं. ओसरीवर बसली की अंगठा सुरू. सारवणाचा पोपडा निघाला, खालची माती निघाली.

“व पोरी, विहीर खणून राहिली का माह्या घरात?” सुमित्राबाई म्हणाल्या.

“सारवून देईन मी, काकू.”

“सारवशीन, पण झालं काय ते तर सांग. लग्नाचं काही काढलं का घरच्यायनं?”

खुशबू हसली. त्या दिवसांतलं तेवढंच एक हसू मोनिकाला आठवतं.

सरांना तिनं सगळं सांगितलं होतं. सर म्हणाले, बांधीतून बांधीत पाणी जाणं ही शेतकऱ्यांची पद्धत आहे, तुझा प्रयोग नव्हे. तुझ्या वाफ्यांचे आकडे चांगले येताहेत, मशागतीच्या मातीत डाग वर चढत नाहीयेत, हे महत्त्वाचं. हे खरंही होतं. ज्या उत्तरासाठी तिनं तीन वर्षं घातली ते तिच्या वाफ्यांत दिसायला लागलं होतं. एरवी तिनं मिठाई आणली असती. ती त्याबद्दल बोलेचना.

शेवटी बुरशी निघाली, स्वच्छ. तिनं बशी लावली. डाव्या बाजूला काचेवर ‘तु’ लिहिलं, उजव्या बाजूला ‘खु’. फळीवर ठेवली. आता फक्त वाट पाहायची होती. पांढरे धागे दोन्हीकडून निघाले. खुशबू खोलीत आली की आधी बशी, मग चप्पल. घाई करून काही होणार नव्हतं. रविवारपर्यंत भेटतील असं दिसते, ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तेजरामचा फोन आला. मोनिका शेजारीच होती. बापाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

“बाबुलाल पाणी मागून राहिला तुळसाले. त्याचं धान पोटरीवर आलं, लोंबी निघाची वेळ. तुळसा उद्या धुरा फोडतो म्हने.”

“बाबा, थांबव तिले.”

“मी कसा थांबवू? तुळसानं पाणी नाही देल्लं तर उद्या तिले कोन देईन?”

फोन ठेवून खुशबू उभी राहिली. अंगठा जमिनीला टेकलेला, पण हलत नव्हता.

“रविवार तर परवाच आहे,” मोनिका म्हणाली. “त्यायले म्हणा, दोन दिवस थांबा. बशी पाहून सांग जे सांगायचं ते. वेगळी निघाली तर तुले काही सांगायचं कामच नाही.”

“काय म्हणून थांबवू? कारण विचारतीन ना.” ती पिशवीत कपडे भरत होती. “न काकूच्या पाण्यात आता गोळेच गोळे असतीन, मोना. ते कोनाचे, हे मागून पाहता येईल. खाली गेले तर गेले.”

शनिवारी पहिल्या एसटीनं दोघी निघाल्या.

बांधीवर पोचल्या तेव्हा सगळे जमलेच होते. तुळसा फावडं घेऊन धुऱ्यावर. खाली बाबुलाल, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, आपल्या बांधीची वाट साफ करत. तेजराम जरा दूर, बिडी न पेटवता नुसती हातात धरून.

“या डाक्टरीनबाई,” बाबुलाल म्हणाला. “माह्या धानाची नाडी पाहाले आल्या का?”

“काकू, बाबुलालभाऊले पाणी देऊ नको,” खुशबू म्हणाली.

असं वाक्य त्या धुऱ्यावर कुणी कधी म्हटलं नसावं. तुळसाचं फावडं अर्ध्यात थांबलं.

“काहून?” बाबुलाल सरळ झाला. “माह्या धानानं कोनाचं काय घेतलं?”

“पाण्यात रोग आहे. पाण्यासंग खाली जाईल.”

मोनिकाच्या लक्षात आलं, ती ‘आहे’ म्हणाली.

“रोग पाण्यातून जाते?” बाबुलाल हसला. “मंग तलावच बुजवून टाका ना. बापजाद्यापासून पाणी वरून खाली येऊन राहिलं, तवा नाही गेला रोग?”

“थोडाथोडा जात होता. आता लय आहे. कारण...” ती थांबली. तुळसाकडे वळली. “काकू, श्रावणात म्या धुरा फोडला, आठवते? पाण्यावर तूस होतं. ते म्या लावलेल्या रोगाचं होतं. तुह्या बांधीत तिथूनच आला असंल.”

“मी तर युरिया मारला ना.”

“युरियानं वाढला. पण लागला कुठून, ते... माह्याकडून असंल.”

“असंल म्हंजे?” बाबुलाल म्हणाला. “हाय का नाही?”

“ठाऊक नाही.”

“ठाऊक नाही? आता व माय! मंग ठाऊक झाल्यावर ये ना. येथी माही पोटरी वाळून राहिली, न हे म्हंते ठाऊक नाही.”

“उद्या ठाऊक होईल. पण पाणी आज जाऊन राहिलं, भाऊ.”

तुळसा खुशबूकडे पाहत होती. बोलली तेव्हा आवाज बारीक होता.

“तू पाय घातला होता फटीत.”

“हो.”

“म्या तुले कंजूस म्हणलं.”

“हो.”

“तवाच सांगता नाही आलं?”

खुशबूचा अंगठा धुऱ्याची माती कोरू लागला.

“न म्या बायायमंदी सांगत बसलो, माह्याच हातानं झालं, माह्याच हातानं झालं. तू तेथीच होती. माह्या घरचा चहा पेत होती.” तुळसानं फावडं धुऱ्यात रोवलं. “रोग येते न जाते, पोरी. पण तू आयकत बसली.”

तेजरामनं बिडी कानावर खोचली. “आता भांडू नका. बाबुलालले पाणी तर द्याच लागन.”

“द्याच लागन,” बाबुलाल म्हणाला. “तुमच्या घरचं तुमी पाहा.”

तेजराम पूर्वेकडे पाहत होता. तुळसाची बांधी टाळून बाबुलालपर्यंत पाणी न्यायला एकच वाट होती. तलावाचा पाट थेट पूर्वेच्या पट्टीत येत होता, तिथून कडेकडेनं बाबुलालच्या कोपऱ्यात उतरता येत होतं. मधे खुशबूचे कोरे वाफे होते. त्यांचे छोटे धुरे मोडल्याशिवाय पाणी जाणार नव्हतं. ते मोडले की मशागतीची माती आणि साधी माती एकत्र वाहणार, आणि कशाची तुलना कशाशी करायची हेच उरणार नव्हतं. एवढं मोनिकालाही कळत होतं.

तेजरामनं पोरीकडे पाहिलं नाही. पण बांधी त्यानं तिला दिली होती. फोडायची तर तिनंच.

खुशबूनं तुळसाच्या पुढ्यातलं फावडं उपटलं आणि पूर्वेकडे चालू लागली.

“खुशबू,” मोनिका मागे धावली. “उद्याचा एक दिवस. फक्त उद्याचा. त्यायले म्हण ना, एक दिवस. तीन वर्षं आहेत ही तुही.”

“पोटरी एक दिवस थांबत नाही, मोना.”

तिनं पहिला धुरा फोडला. मग दुसरा. मातीची ढेकळं पाण्यात विरली, पाणी गढूळ झालं, वाफ्यातून वाफ्यात शिरलं. काठीला बांधलेल्या पाट्या, मोनिकानं सुंदर अक्षरात लिहिलेल्या, कलल्या. एक वाहून बाबुलालच्या धुऱ्याला जाऊन टेकली. बाबुलालनं ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि काय करावं न कळून डोक्यावरच्या दुपट्ट्यात खोचली.

“पोचलं पाणी,” तो ओरडला. मग जरा हळू, “पोचलं, बाई. पुरे.”

या वेळी खुशबूनं पाय घातला नाही. त्याचं ‘पुरे’ ऐकूनही पाणी थोडा वेळ चालू दिलं.

मोनिका धुऱ्यावर बसून राहिली. तिला काय वाटत होतं ते तिलाच सांगता आलं नसतं. पुस्तकात असं कुणी केलं की त्याचं पान दुमडून ठेवता येतं. इथे दुमडायला काही नव्हतं. समोर गढूळ पाणी आणि मोडलेले धुरे.

खुशबू तिथून थेट तुळसाच्या बांधीत उतरली. आजीचं एक जुनं लुगडं तिनं घरून आणलं होतं. ते चौपदरी करून ती कोपऱ्यातला फेस, तूस, तपकिरी गोळे गाळू लागली. गाळलेलं टोपलीत. टोपली भरली की दूर खड्ड्यात पुरायची. तुळसा धुऱ्यावर पाठ करून बसली होती. ना ये म्हणाली, ना जा.

ऊन उतरू लागलं. खुशबू पुढच्या कोपऱ्याकडे सरकली.

“तेथी पाय नको देऊ,” तुळसा पाठमोरीच म्हणाली. “खेकड्याचं भोक आहे. मोडशीन.”

मोनिका एकटीच परतली. “मी येतो उद्या, बशी पाहाले,” खुशबू म्हणाली होती.

रविवारी सकाळी मोनिकानं फळीवर पाहिलं. दोन्हीकडचे धागे अगदी जवळ आले होते. नखाएवढी जागा उरली होती. खुशबू आली नाही. मोनिकानं फोन केला.

“भेटून राहिले, असं दिसते,” मोनिका म्हणाली. “येतेस ना?”

“इकडे अर्धी बांधी राहिली. काकूनं आज जेवण पाठवलं. स्वतः नाही आली, पाठवलं.”

“मी पाहू का? रेष आहे की नाही, एवढंच ना?”

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

“नको. रेष निघाली तर मी मोकळी होईन, मोना. मोकळी झाली तर येथून उठून येईन. धान कापेपर्यंत नको.”

“तोवर ती दिसंल का पण?”

“ठाऊक नाही,” खुशबू म्हणाली.

धान कापलं गेलं. तुळसाच्या बांधीत वरचा भाग पोचट निघाला, खालचा बरा भरला. बाबुलालकडे काही डाग आले, गावात सगळीकडे येतात तेवढे. ते कुठून आले हे त्यानं विचारलं नाही. सरांचे फोन आधी रोज यायचे, मग आठवड्यानं. पुढच्या हंगामात सगळं नव्यानं लावावं लागेल, ते म्हणाले. बघू, असं खुशबूनं त्यांना कळवलं. कोरा भाग पुन्हा आखायला तिनं बांधीत खुंट्या नेऊन ठेवल्या आहेत असं तेजराम सांगतो. अजून ठोकलेल्या नाहीत. ती तुळसाच्या शेतातलं रोगट तणस, धानाचा पेंढा, वेगळं करत असते. ते पुंजण्यात, चांगल्या धानाच्या ढिगात, मिसळू नये म्हणून.

बशी मोनिकाच्या पुस्तकांपुढे आहे. मळक्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती उकळत्या वाफेत घातल्याशिवाय फेकायची नसते, म्हणून मोनिकानं कुकर मागितला तर सुमित्राबाई अंगावर धावून आल्या. आता झाडताना त्या ते गाठोडं दोन बोटांनी उचलतात, खालची धूळ पुसतात आणि पुन्हा जागच्या जागी ठेवतात. आत एव्हाना तपकिरी गोळे धरले असतील. ‘तु’ आणि ‘खु’ यांच्या मधलं पाहायचं राहिलं आहे.